काचेच्या टाकीतली दोन कासवे

प्रश्न : मावशीच्या पश्चात तिची दोन कासवे माझ्याकडे आली आहेत. दोन्ही हर्मन जातीची, जमिनीवर राहणारी आहेत. मोठ्याची लांबी १८ सेंटिमीटर आहे आणि धाकट्याची १४. बैठकीच्या खोलीत खिडकीशेजारी तीन फुटी काचेची टाकी आहे, तीत दोघे राहतात. टाकीवर साधा दिवा आहे. खायला लेट्यूस, काकडी आणि टोमॅटो देतो. धाकटे सतत मोठ्याच्या मागे लागून त्याचे पाय चावते आणि त्याच्यावर जाऊन आपटते. मुले म्हणतात, ती खेळतात. दोघेही तासन्‌तास काचेला खेटून चालत असतात. धाकट्याच्या पाठीवर उंचवटे आले आहेत. थंडी सुरू झाल्यापासून मोठ्याने खाणे जवळजवळ सोडले आहे आणि ते पेंगत असते. मोठी टाकी आणि कॅल्शियमचे टॉनिक आणावे का? शीतनिद्रेसाठी कासव फ्रिजमध्ये ठेवतात असे ऐकले, तेही करावे का?

उत्तर : मावशीची कासवे तुम्ही दुसऱ्याला देऊन मोकळे झाला नाहीत आणि त्यांच्याकडे इतके बारकाईने पाहत आहात, याबद्दल प्रथम तुमचे मनापासून कौतुक. तुमच्या पत्रातल्या सगळ्या तक्रारी शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात असे मला वाटते, आणि ते ठिकाण म्हणजे ती टाकी. कासवाला स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब निर्माण करता येत नाही. अन्न पचवणे, कॅल्शियम हाडांत बसवणे, रोगजंतूंशी झुंजणे ही सगळी कामे ते बाहेरून मिळालेल्या उबेवर आणि उन्हावर करते. त्यामुळे आपण ज्याला त्याचे घर म्हणतो ते त्याच्या दृष्टीने यकृत किंवा मूत्रपिंड यांच्याइतकेच शरीराचे अंग असते. ते अंग बिघडलेले असताना टॉनिक देऊन काही साधत नाही. मोठी टाकी म्हणजे तीच चूक मोठ्या मापात, म्हणून तोही विचार तूर्त सोडा.

पण घराकडे वळण्याआधी एक काम आजच्या आज करा. दोघांना वेगळे करा. ती खेळत नाहीत. हर्मन जातीत नर मादीपेक्षा लहान असतो, आणि मागे लागणे, मागचे पाय चावणे, ढालीवर ढाल आपटणे ही नराची मादीशी वागण्याची रीत आहे. दोघांना उचलून शेपटी पाहा : नराची शेपटी लांब आणि बुडाशी जाड असते, त्याच्या पोटाकडची ढाल आत दबलेली असते, मादीची शेपटी आखूड आणि पोट सपाट असते. माझा अंदाज खरा ठरला, तर तुमचे ‘मोठे कासव’ ही मादी आहे. मोकळ्या रानात ती झुडपाआड निघून गेली असती आणि नराचा पाठलाग तिथेच संपला असता. तीन फुटांच्या काचेत तिला जायला जागा नाही, त्यामुळे तिचा एकही दिवस निवांत जात नाही. तिच्या मागच्या मांड्या आणि शेपटीभोवतीची कातडी उजेडात नीट तपासा, कारण तिथल्या जखमा ढालीखाली झाकल्या जातात. ही कासवे स्वभावाने एकलकोंडी असतात आणि सोबतीवाचून झुरत नाहीत. एक नर आणि एक मादी ही जोडी तर मादीच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट. घर बांधून होईपर्यंत एकाला एखाद्या मोठ्या, अपारदर्शक खोक्यात ठेवलेत तरी चालेल, फक्त दोघांनाही ऊब मिळेल अशी सोय करा.

दुसरे काम या आठवड्यातले. मादीला सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. तिचे खाणे सुटण्याची तीन कारणे संभवतात. पहिले म्हणजे थंडी : रात्री खोली १२-१५ अंशांवर उतरत असेल, तर कासव ना धड जागे राहते, ना धड झोपते; पचन थांबते आणि शरीरातली शिल्लक मात्र खर्च होत राहते. दुसरे कारण पोटात अडकलेली अंडी. ‘कूर्मदृष्टी’ या जुन्या शब्दामागे कासवी नुसत्या नजरेने पिल्ले वाढवते अशी कल्पना आहे; प्रत्यक्षात ती उबदार मातीत खोल खड्डा करून अंडी पुरते आणि निघून जाते, आणि असा खड्डा करायला जागा नसेल तर अंडी पोटातच धरून ठेवते. नराचे बीज ती महिनोन्‌महिने साठवू शकते, शिवाय नर कधी जवळ नव्हता अशी मादीसुद्धा निष्फळ अंडी घालते, म्हणून वेगळे केल्यावरही ही शक्यता उरतेच. एक्स-रेमध्ये अंडी स्पष्ट दिसतात. तिसरे कारण फुप्फुसाचा संसर्ग. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो आणि खोकून कफ बाहेर टाकणे त्याला जमत नाही, म्हणून हा आजार आत साचत जातो. नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून मान ताणून श्वास घेणे किंवा श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येणे यांतले काहीही दिसले, तर आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी निघा. पशुवैद्य नेहमी कुत्र्या-मांजरांवरच उपचार करणारे असतील, तर एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगा : कुत्र्यांसाठी सर्रास वापरले जाणारे जंतनाशक आयव्हरमेक्टिन कासवांना विषारी आहे आणि त्याने कासवे दगावतात.

आता घर. काच कासवाला कळत नाही. पुढे मोकळी जागा दिसते आहे आणि तरीही पाय अडतो, एवढेच त्याला समजते, म्हणून ते वाट शोधत काचेला खेटून चालत राहते. तुम्ही जे तासन्‌तास पाहता ते हेच आहे. शिवाय खोल टाकीत हवा कोंडते आणि सगळीकडे जवळपास एकच तापमान होते, म्हणजे तापायला एक जागा आणि निवायला दुसरी अशी निवड कासवाला उरत नाही. खिडकीजवळच्या काचेत उन्हाच्या वेळी आतली हवा काही मिनिटांत प्राणघातक तापू शकते, हा धोका वेगळाच. तुम्हाला हवा तो लाकडी, वरून उघडा, अपारदर्शक भिंतींचा कट्टा. एखादे जुने पुस्तकांचे कपाट आडवे टाकूनही तो छान होतो. प्रत्येक कासवाला स्वतंत्र कट्टा द्या. लांबी २४० आणि रुंदी १२० सेंटिमीटर या मापाच्या खाली मी स्वतः जाणार नाही. जागा फार वाटेल, पण हा प्राणी रानात दिवसभर चरत फिरतो. भिंत निदान ४० सेंटिमीटर उंच असू द्या आणि कोपऱ्यांवर आडवी फळी ठोका, कारण कासवे कोपऱ्यात दोन्ही भिंतींना नखे लावून आश्चर्यकारक सफाईने चढतात.

तळाला खत किंवा कीटकनाशक न मिसळलेली बागेची माती आणि थोडी वाळू यांचे मिश्रण घाला. मादीच्या कट्ट्यात तरी एका बाजूला त्याचा २० सेंटिमीटरचा थर हवा, म्हणजे तिला अंड्यांसाठी खणता येईल. नुसती कोरडी वाळू नको, कारण ती अन्नाबरोबर पोटात जाऊन आतडी तुंबतात. देवदार किंवा पाइनचा भुसाही नको, त्यातल्या उग्र तेलांनी श्वसनमार्गाला त्रास होतो. मातीवर चपटे दगड, एखादा ओंडका, झुडपांच्या कुंड्या आणि अंधारी, आत शिरून बसता येईल अशी निवाऱ्याची जागा मांडा. कासव उलटे पडलेच, तर सरळ व्हायला त्याला कशाचा तरी टेकू लागतो. सपाट मोकळ्या तळावर, विशेषतः दिव्याखाली, उलटे पडलेले कासव तापून मरू शकते.

कट्ट्याच्या एका टोकाला उष्णतेचा दिवा लावा आणि त्याखाली एक रुंद चपटा दगड ठेवा. दगडावर, कासवाच्या पाठीच्या उंचीला, तापमान ३२ ते ३५ अंश सेल्सिअस भरले पाहिजे. दुसरे टोक २० ते २२ अंशांवर राहू द्या. हे हाताने चाचपून ठरवू नका, दोन्ही टोकांना तापमापक ठेवा. रात्री दिवे बंद करा. निरोगी प्रौढ हर्मन कासवाला रात्रीचे १५-१८ अंश चालतात, पण तुमच्या मादीला पशुवैद्याचा निर्णय होईपर्यंत त्याहून खाली जाऊ देऊ नका. त्यासाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला (ठरलेले तापमान आपोआप राखणाऱ्या यंत्राला) जोडून वापरा. उष्णता नेहमी वरून द्या. तळाखालच्या तापत्या पट्टीवर कासव बसून राहते आणि पोटाची ढाल भाजली तरी त्याला वेळेवर कळत नाही.

उष्णता मिळाली म्हणजे ऊन मिळाले असे मात्र नाही, आणि तुमच्याकडे नेमकी ही उणीव आहे. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या अतिनील लहरी, म्हणजे यूव्हीबी, कातडीवर पडल्या की शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होते, आणि त्याच्याशिवाय आतड्यातले कॅल्शियम रक्तात पुरेसे जात नाही. खिडकीची काच या लहरी जवळपास पूर्ण अडवते. म्हणजे मावशीची कासवे खिडकीतल्या उबेत बसली, पण या कामाचे ऊन त्यांना मिळालेच नाही. परिणाम मुलांमधल्या मुडदुसासारखाच होतो : हाडे आणि कवच मऊ पडते, चाल लडखडते, जबडा वाकतो. तुम्ही टॉनिक पाजलेत तरी यूव्हीबीवाचून ते बहुतांशी तसेच बाहेर पडेल. म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी दिवा, शक्यतो लांब नळी, तापण्याच्या दगडावर उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर लावा; मध्ये काच किंवा प्लॅस्टिक येऊ देऊ नका. दोन्ही दिवे रोज १२ तास चालू द्या. इथे माझी स्वतःची एक चूक सांगणे मला भाग आहे. माझ्या पहिल्या कासवासाठी दिवा घेताना विक्रेत्याने ‘जळतो आहे तोवर चालतो आहे’ असे सांगितले आणि मी त्यावर विश्वास ठेवला. यूव्हीबी संपल्यावरही असा दिवा डोळ्यांना तितकाच लख्ख दिसतो. दोन वर्षांनी एका सकाळी कासवाला उचलताना पोटाची ढाल अंगठ्याखाली किंचित दबली, आणि तो दबलेला स्पर्श मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून दिवा बसवल्याची तारीख मी त्याच्या पट्टीवरच लिहितो आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीला, म्हणजे बहुधा सहा ते बारा महिन्यांनी, तो बदलतो.

घर जमले की नाही हे कासव स्वतः सांगते. माझ्याकडची कासवी सकाळी दिवे लागल्यावर निवाऱ्याच्या तोंडाशी येते, क्षणभर थांबते, मग सरळ दगडाकडे जाते. तिथे चारी पाय बाजूंना सैल सोडते, मान पूर्ण लांबवून हनुवटी दगडावर टेकवते आणि डोळे अर्धे मिटते. मागचे पाय तर इतके मागे पसरते की तळव्यांची फिकट कातडी दिसते. अर्ध्याएक तासाने उठते आणि तडक खायला जाते. तुमच्या मादीने असे अंग सैल सोडलेले ज्या दिवशी पाहाल, त्या दिवशी तुमचे निम्मे काम झाले असे समजा.

बागेत किंवा अंगणात थोडी जागा असेल, तर उबदार महिन्यांत त्यांना बाहेर ठेवण्याइतके उत्तम काही नाही, कारण खऱ्या उन्हाची बरोबरी कोणताही दिवा करत नाही. कुंपण अपारदर्शक असावे आणि २० ते ३० सेंटिमीटर जमिनीत गाडलेले असावे, नाहीतर ती खालून पोखरून जातात. निम्म्या जागेत कायम सावली हवी. कुत्रा कितीही गरीब असला तरी कासवाजवळ एकटा सोडू नका. कासवाच्या ढालीवर दातांच्या खुणा केलेल्या बहुतेक कुत्र्यांबद्दल घरचे लोक ‘तो काही करत नाही’ असेच म्हणत असत.

पाठीवरच्या उंचवट्यांचे खापर पूर्वी केवळ प्रथिनयुक्त आहारावर फोडले जाई. २००३ मध्ये आफ्रिकेतल्या सल्काटा कासवांच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात कोरड्या हवेचा वाटा प्रथिनांपेक्षा बराच मोठा असल्याचे दिसले. वाढत्या वयात हवा फार कोरडी मिळाली की नवा थर सपाट न बसता वर उचलला जातो. आलेले उंचवटे जात नाहीत, आणि ते सौम्य असतील तर नराला त्यांचा त्रासही होत नसावा. तरी कवच कडक आहे ना, हे पशुवैद्याकडून तपासून घ्या. यापुढे निवाऱ्याखालची माती ओलसर ठेवा, वरचा थर कोरडा चालेल. ढालीला तेल किंवा रंग लावू नका आणि दोरी बांधण्यासाठी छिद्र तर कधीच पाडू नका. ढाल म्हणजे जिवंत हाड असते. पाठीचा कणा आणि बरगड्या तिच्यातच जुळलेल्या असतात, आणि तिथे स्पर्श कळतो, वेदनाही होते.

पाण्याचे एक उथळ, जड भांडे कट्ट्यात सतत असू द्या. त्याशिवाय आठवड्यातून दोनदा त्यांना हनुवटीपर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात १५-२० मिनिटे बसवा, आणि समोरच थांबा. कासव तिथे पोटभर पाणी पिते आणि बहुतेकदा लघवीतला पांढरा लगदाही टाकते, त्याकडे लक्ष द्या. तो मऊ असेल तर ठीक. वाळूसारखा खरखरीत असेल तर शरीरात पाणी कमी पडते आहे, आणि असेच चालू राहिले तर मूत्राशयात खडा धरतो.

आहाराविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. हर्मन कासव हे रानगवत आणि तण खाणारे आहे : पुष्कळ तंतू, पुष्कळ कॅल्शियम, कमी प्रथिने, जवळजवळ शून्य साखर. डँडेलियन, प्लँटेन (केळे नव्हे, त्याच नावाचे तण) आणि क्लोव्हर ही तणे, जास्वंदीची पाने आणि फुले, काटे काढलेले फड्या निवडुंगाचे तुकडे असे रोज बदलून द्या; फवारणी झालेल्या किंवा रस्त्याकडेच्या जागेतून तोडू नका. काकडी आणि लेट्यूस म्हणजे मुख्यतः पाणी. टोमॅटो आणि इतर फळे बंद करा, त्यांतल्या साखरेने आतड्यातले जंतू बिघडतात. पाव, दूध आणि कुत्र्या-मांजरांचे खाद्य कधीही नको. पालकासारख्या भाजीतले ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवते, म्हणून ती नेहमीची नको. कॅल्शियमसाठी साधी कॅल्शियम कार्बोनेटची पूड आठवड्यातून तीन-चारदा पाल्यावर भुरभुरा, किंवा समुद्रफेसाचा तुकडा ठेवून द्या. ज्याला हवा तो कुरतडतो. खाणे खरखरीत चपट्या दगडावर वाढलेत तर चोच आपोआप झिजते.

आता फ्रिज. पद्धत खरी आहे आणि जाणत्या हातांत सुरक्षितही आहे, पण यंदा ती तुमच्यासाठी नाही. हर्मन कासवे निसर्गात हिवाळा झोपून काढतात आणि त्यासाठी त्यांना ५ अंशांच्या आसपास स्थिर गारवा लागतो. शून्याखाली डोळे आणि मेंदू गोठून इजा होते, आणि १० अंशांच्या वर झोप मोडते. झोपण्याआधी तीन-चार आठवडे खाणे बंद करून, ऊब आणि कोमट पाण्याचे स्नान चालू ठेवून आतडी रिकामी करावी लागतात, नाहीतर आत उरलेले अन्न सडते. त्यानंतरही दर आठवड्याला वजन करावे लागते. एकूण घट १० टक्क्यांच्या जवळ गेली किंवा कासवाने झोपेत लघवी केली, तर त्याला उठवावेच लागते. ज्या मादीचे खाणे का सुटले हे आपल्याला ठाऊक नाही, तिला असे झोपवणे म्हणजे आजारासकट बंद करून ठेवणे. नराचेही कवच तपासलेले नाही. म्हणून या हिवाळ्यात दोघांनाही उबेत आणि दिव्याखाली जागे ठेवा. पुढच्या वर्षी दोघे धडधाकट असतील, तर शरद ऋतूच्या सुरुवातीलाच पशुवैद्याशी बोलून तयारी करा. तुमच्या ओळखीत कुणाकडे सल्काटा, लेपर्ड किंवा रेड-फुटेड कासवे असतील, तर हा मजकूर त्यांनी आपल्या कासवांना लावू नये. त्या उष्ण प्रदेशातल्या जाती आहेत आणि त्यांना शीतनिद्रा माहीतच नाही.

मुलांना कासवाची कामे जरूर करू द्या, मात्र हात लावून झाल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम सैल करू नका. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा जुलाब घडवणारा जंतू असू शकतो आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास अधिक होतो. कासवाची भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नका.

मावशीच्या कागदांमध्ये कासवांची नोंद शोधा. जमिनीवरच्या कासवांच्या सगळ्या जाती साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत येतात. भारतीय तारांकित कासव तर २०१९ मध्ये सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात गेले. कासव वारशाने आले तरी ते बाळगण्याचा परवाना आपोआप नावावर होईलच असे नाही, म्हणून तुम्ही राहता तिथल्या वन्यजीव खात्याकडे स्वतःहून चौकशी करा. कागद सापडले नाहीत तर त्यांना गुपचूप रानात सोडण्याचा विचारही करू नका. परक्या ठिकाणी ती बहुधा जगत नाहीत, आणि जगलीच तर आपले आजार तिथल्या कासवांना देतात.

या जातीची कासवे पन्नास वर्षे सहज जगतात, काही त्याहूनही अधिक. मावशीला तुम्ही होता. तुमच्यानंतर कोण, ते नाव एका वहीच्या पहिल्या पानावर त्या व्यक्तीला विचारून लिहून ठेवा. त्याच वहीत दिवा बदलल्याच्या तारखा, पशुवैद्याच्या सूचना आणि दर आठवड्याचे वजन लिहा. स्वयंपाकाचा डिजिटल काटा पुरतो, फक्त तो कासवांसाठी वेगळा ठेवा. पहिले वजन आज संध्याकाळी दोघांना वेगळे करतानाच घ्या; पशुवैद्य पहिला प्रश्न तोच विचारतील.